देवराव बेलिफाचा रविवार

आमच्या गल्लीत देवराव बेलिफाबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली होती. त्यांनी आपल्या सख्ख्या बायकोला समन्स बजावला, आणि त्या धक्क्याने ती माहेरी गेली ती परत आलीच नाही.

ही गोष्ट ऐकावी तर आमच्या किराणावाल्या पंजाबरावांच्या तोंडून. ते आधी नाकातून एक लांब श्वास सोडतात, मग सुरू होतात, "अवं, भाकर थापत होती ते! यानं परातीच्या बाजूले कागद ठेवला अन् म्हने, सही कर!" नळावरच्या बायका त्यात भर घालायच्या. "सही नाई वं बाई, अंगठा! पिठाच्याच हातानं देल्ला म्हने!" मी दोन्ही आवाज काढायचे. पंजाबरावांचं नाक मला इतकं जमायचं की त्यांचं स्वतःचं गिऱ्हाईक फसायचं.

पण गोष्ट खोटी होती. खरी मला देवरावांच्या, म्हणजे आमच्या देवकाकांच्या, मुलीने, रुपालीताईने सांगितली. ती चंद्रपूरला दिलेली, दिवाळीला यायची. समन्स बायकोचा नव्हता, बायकोच्या भावाचा होता. तेव्हा देवकाकांची नोकरी बाभुळगावला, आणि सासरचं गाव त्यांच्याच हद्दीत आलेलं. वावराच्या वाटणीचा दावा होता. साळा नेमका कागद न्यायच्या वेळी गायब व्हायचा. एक दिवस काकू म्हणाल्या, मी येते तुमच्यासोबत. बहिणीला बघून भाऊ बाहेर आला आणि काकांनी कागद पुढे केला. परतीच्या एसटीत काकू खिडकीजवळ बसल्या आणि फाटा येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. फाट्यावर उतरताना म्हणाल्या, "भूक लागली असन तुमाले." घरी येऊन त्यांनी पिठलं केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या नांदल्या, आणि गेल्या त्या किडनीच्या आजाराने. त्यांचा भाऊ मयतीला आला, मागे उभा राहिला आणि निघून गेला.

म्हणजे देवकाकांना बायकोने सोडलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी सोडलं होतं.

आमचं आणि त्यांचं घर म्हणजे एकाच टिनाच्या छपराखालच्या दोन खोल्या, मध्ये ओट्यापर्यंत आलेली अर्धी भिंत. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा. कोणी कोणावर दावा लावला की ज्याच्यावर लावला त्याला आधी कळवावं लागतं, बाबा, अमुक तारखेला ये आणि तुझं काय ते सांग. ते कळवणारे देवकाका. पण आमच्या दिग्रसमध्ये कोणाला हे असं दिसतच नव्हतं. त्यांना दिसायची फक्त काकांची सायकल. ती ज्याच्या दारापुढे उभी, त्याच्या घराची चर्चा संध्याकाळपर्यंत बाजारात. "आज सायकल कोनाकडे व्हती?" हा प्रश्न भाजीच्या भावाच्या आधी विचारायचे.

म्हणून काकांनी आपली एक रीत पाडून घेतली होती. कामाशिवाय कोणाच्याच दारी जायचं नाही. लग्नाची पत्रिका आली तर आहेर कोणाच्या तरी हाती धाडायचा. दवाखान्यात कोणाला बघायला गेले तर सायकल लांब लिंबाखाली लावून पायी. आणि समन्स घेऊन गेले की त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उन्हात ओठ सुकले तरी दारात उभे राहून तोच आवाज, न चढणारा, न उतरणारा, "घरी कोनी हाये काय जी? कोर्टाकून आलो." हा आवाज मला सगळ्यात उशिरा जमला. त्यात पकडायला काही सापडतच नाही.

एक माणूस मात्र त्यांच्याकडे यायचा. सदाशिवराव जिनिंगवाले.

शाळेतले सोबती. एक कोर्टात लागला, दुसऱ्याने कापसाची अडत करता करता गावाबाहेर छोटी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, टाकली. दर रविवारी दुपारी सदाशिवराव धोतराचा सोगा धरून आमच्या गल्लीत यायचे. "माह्या दारात तुही सायकल नको बाप्पा, मीच येतो!" हे दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी दोघं हसायचे. मग ओट्यावर चौसराचा कापडी पट पसरायचा, कवड्या खुळखुळायच्या, आणि सदाशिवराव ओरडायचे, "पड माय, पड! या बेलिफाच्या घरी आज जप्ती आनतो!" देवकाका नुसते गालात हसायचे. त्यांच्या तोंडून मोठ्याने शब्द निघायचा तो फक्त रविवारी.

आणि सदाशिवरावांची शिंक! आयुष्यभर कापसाच्या तंतूत काढलेलं नाक. आधी एक बारीक "हिक्‌", मग पुन्हा बारीक "हिक्‌", लोकांना वाटतं गेली, आणि मग अख्खं छप्पर हलवणारी "आऽऽक्छू", शेवटी "हे राम". ती शिंक मी वर्गात काढली की आमच्या सरांचा खडू पडायचा.

तर त्या वर्षी. कापसाचा भाव असा पडला होता की टीव्हीवर आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव आलं की मोठी माणसं उठून टीव्ही बंद करायची. सदाशिवरावांच्या जिनिंगचा भोंगा कधी वाजायचा, कधी नाही. आणि त्यातच त्यांनी जिनिंगच्या मागची जागा घेऊन तिला भिंत घातली.

त्या जागेतून पांदण जात होती. पांदण म्हणजे वावरात जायची बैलबंडीची वाट. तिच्या टोकाला बिजलीबाईचं वावर. बिजलीबाई तांड्यावरची, नवरा नाही, पोरगा पुण्याकडे मजुरीला. ती माझ्या आईच्या, विमलताईच्या, शिलाईच्या दुकानात आली की दोन्ही हात कमरेवर ठेवून बोलायची, "विमलबाई, मी का पाखरू हावो? उडून जाऊ वावरात?" पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, बोंडं भरत आली होती. दसऱ्यानंतर पहिली वेचणी. भिंत तशीच राहिली तर कापूस डोक्यावर घेऊन नाल्यातून वळसा घालायचा, आणि नाल्याला पाणी असेल तर तो झाडावरच भिजून काळा पडणार. तिने आधी सदाशिवरावांना सांगितलं, मग सरपंचाला, मग जिनिंगच्या फाटकापुढे बसून पाहिलं. शेवटी कोर्टात गेली. वाट मोकळी करून द्या, एवढंच मागणं.

कागद निघाला आणि सदाशिवरावांच्या नावाने देवकाकांच्या झोळीत येऊन पडला.

बेलिफांना कागद वाटून देणारे कोर्टातले नाझरसाहेब भले माणूस. म्हणाले, "देवराव, तुमचा दोस्त आहे. दुसऱ्याकडे देऊ का?" काका म्हणाले, "दुसऱ्याले देल्ला तं लोकं म्हनतीन, देवरावानं अंग चोरलं. अन् त्या बाईची तारीख पुढं जाईन. राहू द्या."

हे शनिवारी. म्हणजे मध्ये रविवार.

त्या रविवारी मी अर्ध्या भिंतीला चिकटून होते, खोटं कशाला सांगू. सदाशिवराव आले. सायकलवाला विनोद केला नाही. पट पसरला. बराच वेळ नुसत्या कवड्या. झोळी काकांच्या मागे खुंटीला लटकत होती आणि सदाशिवराव पटाऐवजी तिच्याकडेच बघत होते.

"त्यात हाये काय माहा कागद?"

"हाये."

"मंग दे ना बे. हात कापून राह्यले काय?"

"आज रयवार हाये. तू पाव्हना हायेस."

"देव्या, आयक माहं." सदाशिवरावांचा आवाज एकदम खाली आला. "लिहून टाक, गावात नाई. सापडला नाई. एवढ्या दोनच तारखा. कापूस निघाला का मी पाहतो तिचं काय ते. जिनिंग कशी चालली तुले मालूम हाये."

काकांनी कवड्या टाकल्या. सोंगटी सरकवली.

"तुही चाल," ते म्हणाले.

सदाशिवराव डाव पुरा न करता उठले.

माझ्या आईचं दुकान सदाशिवरावांच्या घरासमोरच. सोमवारी मला शाळेला सुट्टी नव्हती, पण पोट दुखत होतं. मी दुकानात ब्लाउजांना हुका लावत बसले. सकाळीच काकांची सायकल आली. पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत, त्या दारापुढे. त्यांनी ती लांब लावली नाही, भिंतीला टेकवली नाही, समोर मधोमध उभी केली. समोरच्या पानठेल्यावरचा रेडिओ कोणीतरी बारीक केला.

"घरी कोनी हाये काय जी? कोर्टाकून आलो."

सून बाहेर आली, उर्वशीवहिनी. पदर दातात. "मामाजी बाहेरगावी गेले. केळापूरले. देवीले."

आणि आतून, "हिक्‌."

वहिनी गोठली. पानठेल्यावरचे सगळे गोठले. पुन्हा "हिक्‌." मी मनात म्हटलं, दाबा, काका, नाक दाबा! त्यांनी दाबलंही असणार. पण ती शिंक दाबून थांबणारी नव्हतीच. आऽऽक्छू झाली, घराच्या खिडक्या हलल्या, आणि शेवटचं "हे राम" अगदी हळू, लाजून आलं.

पानठेल्यावरून कोणीतरी म्हणालं, "देवी प्रसन्न झाली रे!" सगळे खो-खो हसले. मीही हसले. देवकाका हसले नाहीत. म्हणाले, "उर्वशी, पोरी, मामाजीले सांगजो, मी ओट्यावर बसतो." आणि बसले.

बसूनच राहिले. ऊन ओट्यावर आलं, त्यांच्या गुडघ्यावर आलं, टोपीवर आलं. वहिनीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी हात जोडले, तांब्याला हात लावला नाही. बाजारातली माणसं मुद्दाम त्या बाजूने जाऊ लागली. कोणी म्हणे, "काहून देवराव, दोस्ताकडे पंगत हाये काय?" काका सगळ्यांना तेच सांगत होते, "काम हाये." आई मशीन थांबवून म्हणाली, "या माणसाला दरवाजावर कागद चिकटवून जाता येत नाही का?" तेच तर मी संध्याकाळी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "येते ना. पन दारावर चिकटवला असता तं साऱ्या बाजारानं वाचला असता. ज्याचा हाये त्याच्या हाती देल्लेला बरा."

उन्हं उतरायच्या आत सदाशिवराव बाहेर आले. बनियनवरच. कागद घेतला, सही केली, पेन परत दिला. मग म्हणाले, "आता रयवारी येऊ नको."

काका सायकलचं स्टँड काढत होते. "मी कधी आलतो?" ते म्हणाले. "तूच येत होता."

पुढच्या रविवारी ओट्यावर पट पसरलेला. काका एकटे. एकदा या बाजूने कवड्या टाकायच्या, मग उठून पलीकडे बसायचं आणि त्या बाजूने टाकायच्या. पलीकडच्या बाजूने चाल आली तर ते जास्त वेळ विचार करायचे. गल्लीतून जाणारी माणसं बघून न बघितल्यासारखं करायची. त्यात नवीन काही नव्हतं, पण आता ते दिसत होतं.

मी तोवर अख्ख्या गल्लीला खटला करून दाखवायला सुरुवात केली होती. नळापाशी गर्दी जमायची. कमरेवर हात ठेवून बिजलीबाई, "मी का पाखरू हावो?" सोगा धरून सदाशिवराव, "चाल हट, वाट गिट काई नाई इथं!" मग जजसाहेब, जाड आवाजात, "सदाशिव, तू गुन्हेगार हाये! भिंत पाड!" टाळ्या. रोज टाळ्या. पंजाबराव दुकानातून गोळ्या फेकायचे.

एका रविवारी काकांनी मला हाक मारली. "निशे, इकडे ये वं जरा."

मला वाटलं आता बोलणी बसणार. ते पटाकडे बघत होते. एक सोंगटी उगाच सरळ केली आणि म्हणाले, "त्याचा आवाज काढते म्हने तू. काढून दाखव."

"कोनता? भांडनाचा?"

"नाई. इथला."

मी पलीकडच्या बाजूला बसले. कवड्या हातात घेतल्या, खुळखुळवल्या, आणि ओरडले, "पड माय, पड! या बेलिफाच्या घरी आज जप्ती आनतो!"

काका हसले. खरंच मोठ्याने हसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "आखीन," म्हणाले. मी आणखी काढला. शिंकही काढली, हे रामसकट. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मग हसणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही, कारण मी अजून सदाशिवरावच होते.

"हुबेहूब," ते म्हणाले. मग, "नळावर जे करतेस, थेबी हुबेहूब हाये. पन त्यात एक गडबड हाये. बाई बी तूच, सदाशिव बी तूच, अन् जजसाहेब बी तूच. मंग निकाल तुह्या मनासारखाच लागन ना."

"काका, सगळ्या गावाले मालूम हाये ना, चूक कोनाची हाये ते!"

"असन. तरी बी ज्याचा आवाज त्यानं सोता येऊन काढा लागते. तवा मी कागद घेऊन फिरतो. नाई तं मले का उन्हाची हौस हाये?"

"ते येनारच नाईत तारखेले," मी म्हटलं. "वकील धाडतीन. नाई तं केळापूरले जातीन देवीले."

"येईन तो."

"नाई येनार."

"लाव पैज."

देवकाका पैज लावतात हे गल्लीत कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मी जिंकले तर त्यांनी आपल्या दारातल्या आवाजात पंजाबरावांच्या दुकानापुढे हाक मारायची, "कोर्टाकून आलो." पंजाबराव कुठल्या पोत्यामागे लपतात ते मला बघायचं होतं. आणि मी हरले तर सदाशिवरावांचा आवाज पुन्हा काढायचा नाही. शिंकसुद्धा नाही.

"कायले?" मी विचारलं. "आत्ता तं तुमाले आवडला."

"आवडला म्हनूनच," ते म्हणाले आणि सोंगट्या गोळा करायला लागले.

कोर्टात कोणीही जाऊन मागे बसू शकतं, हेही मला काकांनीच सांगितलं होतं. तारखेच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी गेले. बिजलीबाई पुढच्या बाकावर, आज हात कमरेवर नव्हते, मांडीवर होते. मी तिच्या इतक्या नकला केल्या होत्या, पण ती अशी अंग चोरून बसते हे मला माहीत नव्हतं. देवकाका दाराशी झोळी घेऊन उभे, बाहेर न बघता.

शिपायाने पुकारा केला. सदाशिवरावांचं नाव व्हरांड्यात घुमलं. कोणी नाही. दुसऱ्यांदा केला. कोणी नाही. मी मनात पंजाबरावांसाठी पोतं निवडायला लागले. तिसऱ्यांदा नाव घेण्यासाठी शिपायाने श्वास भरला आणि तेवढ्यात पायऱ्यांकडून,

"हिक्‌."

देवकाकांनी मान खाली घातली.

शिंक पुरी झाली, हे राम झालं, आणि धोतर सावरत सदाशिवराव आत आले. वकील त्यांच्या मागून. पिंजऱ्याजवळ उभे राहून म्हणाले, "हाजर हाये सायेब."

तो आवाज माझ्याजवळ नव्हता. इतक्या वर्षांच्या रविवारी मी कान लावला होता, पण हा बारीक आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. वकील बोलायला लागले तर साहेबांनी हात केला आणि सदाशिवरावांनाच विचारलं, भिंत कशाला घातली? ते म्हणाले, मागच्या साली पांदणीच्या बाजूने गंजीला आग लागली. कोणाची तरी विडी. रात्रीतून कापूस गेला. गावात सांगितलं नाही, कारण जिनिंग बुडाली असं कळलं की कोणी शेतकरी कापूस आणणार नाही. "वाट होती सायेब. नाई म्हनत नाई. मले भेव वाटलं."

माझ्या खटल्यात आग नव्हतीच. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ती माहीत नव्हती.

बिजलीबाई उठली. म्हणाली, "मी विडी ओढत नाई, सायेब. बैलबी ओढत नाईत." साहेबांच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. सदाशिवराव तिच्याकडे पहिल्यांदाच वळून बघत होते. साहेबांनी सांगितलं, दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोपर्यंत बंडी जाईल एवढी भिंत उघडी ठेवा, फाटक बसवायचं तर बसवा पण दिवसा कुलूप नको, आणि बाईने आपल्या मजुरांना विडी घेऊन तिथून जाऊ देऊ नये. दोघांनाही सांगितलं, एकाच आवाजात. तो आवाज जाड नव्हता. सर्दी झालेल्या माणसाचा होता.

बाहेर पडताना सदाशिवराव देवकाकांच्या अगदी जवळून गेले. थांबले नाहीत. काकांनी झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, एवढंच.

दसऱ्यानंतर बिजलीबाईची बंडी भिंतीतल्या त्या खिंडीतून कापूस घेऊन आली. तिने आईला पहिल्या वेचणीचा ओंजळभर कापूस आणून दिला आणि देवकाकांनाही द्यायला गेली. त्यांनी घेतला नाही. "दावा चालू हाये बाई," म्हणाले.

आणि त्या रविवारी ओट्यावर पट पसरलेला. मी आपणहून जाऊन पलीकडच्या बाजूला बसले. कवड्या टाकल्या. "पड माय" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या स्वतःच्या आवाजात काय म्हणतात ते मला सुचेना. आम्ही नुसतेच खेळत राहिलो, गल्लीत ऊन, छपराचं टिन तापून कडकड वाजत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून, भिंतीपलीकडून, बारीकसं "हिक्‌."

काकांचा कवड्यांचा हात हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, विचारल्यासारखं.

मी दोन्ही हात वर करून दाखवले.

"मी नाई काका," मी म्हटलं. "मी पैज हारली ना."